शेवंती लंगडत होती

"बाई, तुम्ही निस्ती बाटली धरा. मेंढीचं माझ्यावर सोडा."

असं म्हणून त्या माणसाने शेवंतीला दोन्ही गुडघ्यांमध्ये अशी काही अलगद धरली, की तिला आपण माहेरी आल्यासारखं वाटलं असावं. मान वर, डोळे मिटलेले. मी सुई हातात घेऊन कधीपासून अंगणात उभी होते, आणि आमचा बदली शिपाई मेंढी चावते का, याची चौकशी करत विहिरीच्या पलीकडे उभा होता.

शेवंती म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची मेंढी. गावाबाहेरच्या त्या धर्मादाय रुग्णालयात माझ्या आधी नोकरीला लागलेली, त्यामुळे मानही माझ्याहून जास्त. रोगाचे काही जंतू असे चोखंदळ असतात, की साध्या खाण्यावर ते वाढतच नाहीत. त्यांना रक्त लागतं. मेंढीचं रक्त अगर नावाच्या खळीत मिसळून काचेच्या तबकड्यांत ओतायचं, थिजलं की त्यावर रोग्याचा नमुना पसरायचा, उबेत ठेवायचं आणि कोण वाढतंय ते बघायचं. आमच्या धंद्याचं सार एवढंच. माणसाचं रक्त वापरून बघितलं होतं, पण माणसाने आयुष्यात काय काय खाल्लेलं, घेतलेलं, टोचून घेतलेलं असतं, त्याचा भरवसा नाही. मेंढी त्या मानाने सरळ.

आमचे प्रमुख हळबे सर शेवंतीच्या बाबतीत एकच नियम पाळायचे. तिच्या अंगातून रक्त बाहेर यायचं. आत काही जायचं नाही. आजारी पडली तर औषध नाही, रजा. "कर्णिक, तुम्हाला नाही मिळणार अशी रजा," ते मला म्हणत. हा नियम शेवंतीचा सांभाळ करणाऱ्या तातोबाला तोंडपाठ होता. तातोबा त्या आठवड्यात मुलीच्या लग्नाला गेला होता.

"हलवा की बाई. गोठंल."

मी बाटली हलवायला लागले. तिच्यात काचेचे मणी असतात. हलवत राहिलं की रक्तातला चिकट धागा मण्यांवर गुंडाळला जातो आणि बाकीचं पातळ राहतं. त्याने सुई काढून मानेवर अंगठा दाबून धरला. काम इतकं नीट, की मी विचारलंच, "तुम्ही काय करता?"

"जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर हाय. सर्जेराव वाघमोडे. आमची मालन हाय ना, बाळंतिणीच्या वार्डात. ताप."

माणसं जोखायची मला खोड आहे. पहिल्या भेटीतच मी प्रत्येकाचं एक खातं उघडते, आणि बहुतेकांच्या नावे बाजूलाच आधी नोंद पडते. सर्जेरावचं खातं मात्र जमेने उघडलं.

"कशाला लागतंय वो हे रक्त?"

"जंतूंना खायला."

"रोगाच्या? त्यांला कशाला पोसताय?"

"पोसल्याशिवाय तोंड दाखवत नाहीत. तोंड दिसलं की नाव कळतं. नाव कळलं की औषध ठरतं."

"आमच्या सायबागत," तो म्हणाला. "च्या पाजल्याबिगर त्ये बी भायेर येत न्हाईत."

मी हसले, तोही हसला. मग बाटलीकडे बघून हळूच म्हणाला, "मालनचे बी ह्याच्यावरच वाढवणार?"

"हो. आजच."

"मग झ्याक. आमच्या मेंढराचं खाऊन आमच्यावर उपकार करतील." शेवंतीला सोडताना त्याने तिच्या मागच्या पायाकडे बोट केलं. खूर धुऊन जांभळ्या औषधाने माखलेलं होतं. "सकाळच्याला लंगडत हुती. खूर सडलं व्हतं. केलंय म्या तिचं समदं. उद्याच्याला बघा कशी चालंल."

मी त्याचे आभार मानले. धुणं म्हणजे काही औषध नव्हे, पायाला पाणी लागलं एवढंच, असं माझ्या मनात आलं आणि मी रक्त घेऊन आत गेले.

आत सातपुतेबाई आणि हळबे सर यांची रोजची शिवणापाणी चालू होती. सातपुतेबाई म्हणजे बायकांच्या विभागाच्या डॉक्टर. गळ्यात क्रूस आणि जिभेवर धार. त्यांच्यात आणि सरांमध्ये इतकी वर्षं एकच वाद चाललेला होता: रोगी बघून रोग कळतो की प्लेट बघून.

"हळबे, ही पोरगी मला साखळीवाल्यांची दिसते. बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी ताप, नाडी पळतेय, पोट दुखतंय. घरी सुईणीने हात घातलाय."

साखळीवाले म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखे दिसतात, म्हणून आमच्यात हे लाडाचं नाव. लाड करण्यासारखं मात्र त्यांच्यात काही नाही.

"दिसते म्हणून मी रिपोर्ट लिहीत नाही," सर म्हणाले.

"मग लवकर लिहा. पेनिसिलिन तिला देता येत नाही. लहानपणी घशासाठी दिलेलं, तर अंग सुजून श्वास कोंडला होता, जेमतेम वाचली. साखळीवाले असतील तर एरिथ्रोमायसिनचं इंजेक्शन शहरातून आणावं लागेल. आतड्यातले जंतू असतील तर जेंटामायसिन इथं कपाटात आहे. नाव सांगा."

"दोन्ही द्या."

"जेंटामायसिन मूत्रपिंडाला जड, आणि लघवी आधीच कमी झालीय. बाळंतपणात रक्त गेलंय. ती पोरगी कडेला उभी आहे, हळबे. चुकीचं औषध सोसायला तिच्यात जागा नाही. एकच देणार, आणि बरोबर असेल ते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "जुन्या प्लेटा?"

"बुरशी आलीय, सर. नव्या आत्ता ओतते."

नव्या प्लेटांचा आमच्याकडे रिवाज असा, की ओतल्या की एक दिवस नुसत्या ठेवायच्या. मग त्यांवर आमच्याकडचा ओळखीचा स्ट्रेप्टो फिरवून बघायचा. आपला घरचा जंतू नीट वाढला, तरच परक्याचं आमंत्रण. हा रिवाज सरांनी कधी मोडल्याचं मला माहीत नव्हतं. कलेक्टरांच्या आईचा नमुना आला होता तेव्हाही त्यांनी कलेक्टरांना थांबवलं होतं.

"एक दिवस थांबता येईल?" त्यांनी विचारलं.

सातपुतेबाईंनी मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं.

"ओता, कर्णिक," सर म्हणाले. "थिजल्या की लगेच नमुना लावा."

प्लेटांवर मालनच्या गर्भाशयातला स्राव लावला; तो सातपुतेबाईंनी आधीच काढून दिला होता. मग रक्त काढायला मी वॉर्डात गेले. मालन खिडकीजवळच्या खाटेवर होती. विशीच्या आसपास वय, गाल तापाने लाल, ओठ सुकलेले. कुशीत कापडात गुंडाळलेली मुलगी. मालन बोलायला लागली की आजारी वाटायची नाही.

"तुमीच का मेंढीवाल्या बाई? आमचं मालक भेटलं का?"

"भेटले. त्यांच्यामुळे तर काम झालं."

"बरं झालं. सकाळपासनं हितं बसून माज्या तोंडाकडं बगत व्हते. म्या म्हटलं, म्या काय गाभण मेंढी हाय व्हय? आनि ह्या खिडकीतनं ती तुमची दिसत हुती. लंगडी. बगवंना मला. म्हटलं, उठा, तिचं काय ते बगा. हयगय करू नगा." दम लागला म्हणून ती थांबली. "काम असलं हाताला का त्यो मानूस गप ऱ्हातो. न्हायतर रडतो."

मी दंडाला पट्टी बांधली. ती सुईकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत राहिली. ते रक्त मी दुसऱ्या एका बाटलीत घातलं. त्या बाटलीत मांसाचा रस्सा असतो, मेंढीचं रक्त नसतं. रक्तात कुणी शिरलं असेल तर त्यात वाढतं, पण सावकाश. खरा भरवसा प्लेटांवर.

"उगवंल ना?" ती म्हणाली. "मालक म्हणत्यात, तुमी पेरता आनि उगवतंय का बगता."

"उगवेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडली तेव्हा सर्जेराव खिडकीखाली उभा होता.

"उगवलं का, बाई?"

"अहो, चप्पल तरी काढू द्या."

साखळीवाल्यांची एक खूण असते. रक्ताच्या लाल प्लेटवर ते जिथे बसतात, तिथलं रक्त विरघळवून टाकतात; टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आणि त्याच्या भोवती काचेसारखं स्वच्छ कडं. एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. मी प्लेट उजेडासमोर धरली. करड्या रंगाचे जाड, ओलसर ठिपके होते, भरपूर होते. स्वच्छ कडं एकही नव्हतं.

सरांनीही बघितली. पुढून, मागून, तिरकी. मग दुसरी, आतड्यातल्या जंतूंसाठी असते ती बिनरक्ताची गुलाबी प्लेट घेतली. तिच्यावरही तेच जाड ठिपके.

"कोलाय," ते म्हणाले. "आतड्यातले."

सातपुतेबाई स्वतः आल्या. "साखळीवाले नाहीत?"

"स्वतः बघा."

त्यांनी बघितली. नाकाला लावून वासही घेतला. "माझं मन घेत नाही, हळबे."

"तुमच्या मनाला वाढायला काय लागतं ते मला माहीत नाही. जंतूंना रक्त लागतं, ते मी दिलेलं आहे. साखळीवाले असते तर या प्लेटवर नाचले असते."

सरांचा आवाज चढलेला नव्हता. कधीच चढत नसे. इतकी वर्षं त्यांची प्लेट खोटी ठरली नव्हती, आणि हे सातपुतेबाईंना माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यांनी प्लेट खाली ठेवली. "ठीक आहे. जेंटामायसिन सुरू करते."

बाहेर सर्जेराव तसाच उभा. मी सांगितलं की नाव कळलं, औषध इथंच आहे.

"शहरात जायाचं न्हाय? मेव्हण्याची फटफटी आणून ठिवली व्हती म्या."

"नाही जायचं. बरं झालं की."

"बरंच झालं," तो म्हणाला. पण चेहरा पडला. धावायला मिळालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मग तो शेवंतीकडे गेला आणि तिचा पाय हातात घेऊन तपासत बसला.

त्यानंतरच्या सकाळी वॉर्डातून बातमी आली ती वाईट. ताप हटला नव्हता, पोट फुगलं होतं, मालन भलतंसलतं बोलत होती. सातपुतेबाईंनी निरोप पाठवला: कोलाय असेल तर जेंटामायसिनने काहीतरी हलायला हवं होतं.

मी रश्श्याची बाटली काढली. काल स्वच्छ होती. आज गढूळ. थेंब काचेवर घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

माळा होत्या. लांब, वळणावळणाच्या, जांभळ्या. सगळीकडे.

"सर."

हळबे सरांनी डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चष्म्याशिवाय, कोट न घालता, वॉर्डाकडे पळत गेले. त्या माणसाला पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला उगाचच वाटलं, की पळता येत नसावं त्यांना.

मी खिडकीत आले. सर्जेरावला काही विचारायची गरज पडली नाही. सातपुतेबाईंची चिठ्ठी त्याच्या हातात होती आणि तो फटफटीला लाथा मारत होता. ती सुरू होईना. बदली शिपायाने ढकलली, मी बाहेर येऊन ढकलली. सुरू झाल्यावर त्याने वळूनही बघितलं नाही.

आत येऊन सरांनी त्या गढूळ रश्श्याचा थेंब आमच्या नव्या प्लेटवर लावला. "वाढायलाच पाहिजे," ते म्हणाले. "इथे वाढतायत, तिथे का नाही वाढले?" मला विचारत होते की काय, कळलं नाही.

मालन दुपार सरता सरता गेली. खाट खिडकीजवळची होती. मी गेले तेव्हा तोंडावरून चादर ओढलेली होती आणि मुलगी नर्सच्या खांद्यावर झोपली होती. सातपुतेबाई पलंगाच्या दांड्याला धरून उभ्या. मला म्हणाल्या, "तो कुठवर आला असेल गं?"

दिवेलागणीला फटफटीचा आवाज आला. सर्जेरावने इंजेक्शनांचा खोका छातीशी शर्टाच्या आत धरला होता, फुटू नये म्हणून. फाटकात सातपुतेबाई उभ्या दिसल्या तेव्हा तो फटफटीवरून उतरला, पण खोका काही त्याने बाहेर काढला नाही.

दुसऱ्या सकाळी कालची प्लेट स्वच्छ होती. काही वाढलेलं नव्हतं. रश्श्यात तुडुंब भरलेले साखळीवाले आमच्या प्लेटवर एकही ठिपका उठवायला तयार नव्हते. तेव्हा सरांनी आमच्या घरचा स्ट्रेप्टो काढला. वर्षानुवर्षं सांभाळलेला, कशावरही वाढणारा, आमच्यात त्याला जावई म्हणायचे. तो नव्या प्लेटवर लावला आणि बुरशी आली म्हणून बाजूला टाकलेल्या एका जुन्या प्लेटच्या कोऱ्या कोपऱ्यातही लावला.

रात्रभरात जुन्या प्लेटवर जावई वाढला, स्वच्छ कड्यासकट. नव्या प्लेटवर नाही.

"प्लेटेत काहीतरी आहे," सर म्हणाले. "कोलायला त्याचं काही वाटत नाही. साखळीवाले मात्र मरतात."

आम्ही बाटल्या बघितल्या, मणी बघितले, साबण बघितला, अगरचा डबा हुंगला. सरांनी पाण्याचा माठसुद्धा फोडून बघितला असता. काही सापडलं नाही. सर जेवले नाहीत, घरीही लवकर गेले नाहीत. त्यांच्या नावे मी आजवर एवढं लिहून ठेवलं होतं, चिकटपणा, हेका, कोरडेपणा, पण त्या दिवशी ते सगळं पुसून टाकावंसं वाटलं आणि पुसून काय लिहायचं ते कळेना.

सर्जेराव परत आला तो दिवसकार्य उरकून. डोकं भादरलेलं, हातात तोच खोका.

"हे कुनाच्या तरी उपेगी पडंल, बाई."

मी घेतला. मुलीचं विचारलं. आजीजवळ होती, शेळीचं दूध पचत होतं. तो गेला नाही. अंगणाकडे बघत राहिला. शेवंती कुंपणाशी चरत होती.

"बगा," तो म्हणाला, "चालाय लागली."

खरंच चालत होती. चारी पायांवर. इतक्या दिवसांत आमचं कुणाचं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

"म्या म्हटलं व्हतं ना. निस्तं धुऊन खूर बरं हुत न्हाय, बाई. पिशवीत पेनिसिलिन व्हतं दवाखान्याचं. दिली सुई, चांगली दांडगी, तुमी रक्त काढायच्या आधी. म्हटलं मालन खिडकीतनं बगतीया, हयगय नको." तो किंचित हसला. "तिला सोसत न्हवतं त्ये. पर मेंढरांला लई गुन."

मागे काहीतरी काचेचं वाजलं. हळबे सर दारात उभे होते, हातात ती कोरी लाल प्लेट. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते एकदा प्लेटकडे, एकदा अंगणात चरणाऱ्या शेवंतीकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत चालली आहे. माझ्याही बसत होती. मालनने मेंढी बघवेना म्हणून नवऱ्याला धाडलं. त्याने हयगय केली नाही. त्याच मेंढीचं ते रक्त, औषधासकट, आम्ही साखळीवाल्यांना वाढलं. बाई थांबू शकत नव्हत्या म्हणून सरांनी जन्मात एकदा रिवाज मोडला. सगळ्या रकमा जमेच्याच होत्या. मी पुन्हा पुन्हा जोडून बघितल्या.

"सायेब," सर्जेराव सरांना म्हणाला, "येक इचारायचं ऱ्हायलं व्हतं. रागावू नगा. पयल्या दिशी का न्हाय उगवलं वो त्ये? उगवलं असतं तर म्या तवाच गेलो असतो. फटफटी तयार हुती."

हळबे सर खोटं बोलत नसत. ज्या कागदावर त्यांची सही, त्यावर शंकेला जागा नाही, हे जिल्ह्यात माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. शेवंती गवत ओढत होती त्याचा आवाज येत होता.

"कधी कधी नाही उगवत," सर म्हणाले.

"का पर?"

"कळत नाही. आम्हालाही कळत नाही."

सर्जेरावने मान हलवली. ते उत्तर त्याच्या ओळखीचं असावं. "आमच्या रानात बी हुतं असं. समद्या सऱ्यांला सारखं पानी, सारखं बी. आनि मदलीच येक सरी बोडकी ऱ्हाती. लोक म्हणत्यात कुणी तरी काय केलं. कोन कशाला करंल?"

"कुणी काही केलं नाही," सर म्हणाले. पटकन म्हणाले. "कुणीही नाही. मेंढीकडे लक्ष दिलंत. आभारी आहे."

तो गेल्यावर मी एक पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहायला बसले, की या मेंढीला कोणतंही औषध देऊ नये. सरांनी तो माझ्या हातून काढून घेतला.

"हे कुठे लावणार?"

"गोठ्यावर. पुन्हा असं व्हायला नको."

"त्याला वाचता येतं, कर्णिक."

पुठ्ठा त्यांनी चुलीत घातला. त्यानंतर रक्त काढायच्या आधी दर वेळी सर स्वतः अंगणात येत आणि तातोबाला विचारत. तातोबाला वाटे, साहेबांचा आपल्यावरचा विश्वास उडाला. तो शेवटपर्यंत रुसून राहिला. त्यालाही काही सांगितलं नाही.

सर्जेराव बाजाराला आला की आमच्याकडे यायचा, शेवंतीचे खूर कापायला. पुढे मुलीलाही आणायचा. मालनसारखंच कपाळ, आणि बोलणंही तसंच. मी चहा द्यायचे, सर घरातून खाऊ आणायचे आणि मुलीच्या हातात देताना तिच्याकडे बघायचे नाहीत. काम झालं की सर्जेराव मेंढीच्या पाठीवर थाप मारून मला विचारायचा, "चालती ना नीट?"

"चालते," मी म्हणायचे.

आणि चालायचीच ती. फाटकाशी फटफटीचा आवाज आला की चरणं सोडून थेट फाटकापर्यंत जायची.